बाजूची सीट

सोहारच्या शोरूमबाहेर लिजो नावाचा पोरगा
टॅब्लेट घेऊन माझ्या पिकअपभोवती फिरतो.
डॉक्टर फिरतो तसा नाही,
कोंबडी घ्यायला आलेला फिरतो तसा.
टायरला बुटाने टोचतो, खाली वाकतो,
"परकारभाई, किती चाललीय?"

काय सांगू.
काटा चार लाख बारा हजारांवर थांबला
त्याला सहा वर्षं झाली.
पुढचं आम्ही न मोजता चाललो,
सहमला, लिवाला, वादी हिबीच्या दगडांतून वर,
पाठीवर आडवे बांधलेले कॉम्प्रेसर,
तांब्याच्या नळ्यांची वेटोळी,
दुसऱ्यांच्या खोल्या गार करायला.
हिचा स्वतःचा एसी मात्र
कुठल्याशा जूनमध्ये बंद पडला तो पडलाच.
मी एसीवाला. हसा.
सगळा बाजार हसून झालाय.

विकताना खोड्या सांगाव्यात का?
उजवी काच स्क्रूड्रायव्हरने वर घ्यावी लागते,
दुसऱ्या गिअरला आधी विनवावं लागतं,
मागे घेताना दार उघडून मान बाहेर.
मी गप्प राहिलो.
लिजोने चावी फिरवली तेव्हा
तिनेच खोकून सगळं सांगून टाकलं.

"कप्पा रिकामा करा."
तीन फ्यूज. वाळलेली बॉलपेनं.
एक पावती, तिची शाई उन्हाने पिऊन टाकलेली.
मंडणगडहून आलेली सोलं, डबीत दगड झालेली.
अर्धा कंगवा.
हा तोफज्जलचा.

अकरा वर्षं तो उजवीकडे बसला
चपला काढून, पाय डॅशबोर्डवर टाकून.
पाय खाली घे, मी रोज म्हणायचो.
घ्यायचा. सिग्नल सुटला की परत वर.
सुट्टीला नोआखालीला गेला, तेव्हाच साथ आली,
विमानं थांबली, व्हिसा संपला.
आता तळ्यात मासे पाळतो.
व्हॉइस मेसेज पाठवतो, त्यात बदकंच जास्त बोलतात.
डॅशबोर्डवर त्याच्या टाचांचे दोन डाग आहेत,
पिवळट, शेजारी शेजारी.
लिजो अंगठा घासून बघतो,
"हे निघेल."

सही मुहन्नदची.
मुल्कियावर आधी त्याच्या बापाचं नाव होतं, मग त्याचं.
एकोणीस वर्षं हाकली,
एक दिवसही कागदावर माझी नव्हती.
म्हातारा हमूद चावी देताना म्हणाला होता,
गाडी मळू दे, हात मळवू नकोस.
त्याच्या मयतीला मी हिच्यातूनच
पाण्याच्या बाटल्यांचे खोके नेले होते.
मुहन्नद सही करतो फोन कानाला लावून,
चांगला पोरगा आहे,
पण त्याला ही फक्त एक पांढरी गाडी आहे.

साडेचारशे रियाल.
मी मनात रुपये केले,
मग रुपयांचे चिरे.
दोन हजारांच्या आसपास चिरे,
गावच्या घराची एखादी भिंत, तीही दार सोडून.
बरं आहे म्हणालो.
बरं नव्हतं, पण ऊन होतं
आणि उभं राहून पाय दुखत होते.

नवी म्हणजे पाच वर्षांची. रुपेरी.
हिचा एसी असा की चष्म्यावर धुकं आलं.
मागचं सगळं समोरच्या पडद्यावर दिसतं,
मान वळवायचं कारणच नाही.
मी हत्यारांची पिशवी उचलून उजव्या सीटवर ठेवली
आणि गाडी ओरडायला लागली.

टूंक टूंक टूंक.
लिजो खिडकीशी धावत आला,
"गाडीला वाटतंय, माणूस बसलाय. पट्टा लावा!"
वीसेक किलो असेल पिशवी.
पट्टा तिच्या बंदांतून ओवला, खटका बसवला,
गाडी शांत झाली.

आरशात जुनी दिसत होती,
तिच्या काचेवर कुणीतरी खडूने आकडा टाकत होतं.
पडद्यावर बघायचं विसरलो.

फलज अल कबाइलच्या गोल चौकात वळताना
पिशवीतले पाने एकमेकांवर आपटले.
"पाय खाली घे,"
मी म्हणालो.